फायबरग्लास होडी : घोटाई आणि मेण

फायबरग्लासच्या होडीचा उन्हाने आणि खाऱ्या हवेने निस्तेज झालेला पृष्ठभाग बारीक अपघर्षकाने घासून गुळगुळीत करणे आणि नंतर त्यावर मेणाचा पातळ थर चढवणे, या दोन कामांना मिळून बोलण्यात नुसते ‘पॉलिश’ म्हणतात. कामे मात्र दोन आहेत. घोटल्याने चमक येते आणि मेणाने ती टिकते. घोटताना होडीच्या अंगावरचा थोडा भाग दरवेळी कायमचा जातो, मेण लावताना काहीच जात नाही. त्यामुळे होडी कमीत कमी वेळा घोटावी आणि मेण न चुकता लावावे, हा या कामातला पहिला नियम. तो पाळला नाही, तर दिसायला झगझगीत असलेली होडी आतून लवकर उघडी पडते.

नियम असा का, हे होडी कशी बनते ते पाहिले की कळते. फायबरग्लास म्हणजे काचतंतू आणि राळ यांचे मिश्र द्रव्य. लाकडी होडी आतून बाहेर बांधत नेतात, फायबरची होडी उलट बाहेरून आत तयार होते. आधी साचा आरशासारखा घोटून त्याला मेण लावतात, म्हणजे होडी साच्याला चिकटत नाही. मग साच्यात रंगद्रव्य मिसळलेल्या पॉलिएस्टर राळेचा थर फवारतात किंवा ब्रशने लावतात. हाच जेलकोट. तो थोडा आवळला की त्यावर काचतंतूंची चटई आणि विणलेले कापड राळेत भिजवून थरांवर थर बसवतात. होडी साच्यातून उपसली की सर्वांत आधी लावलेला थर सर्वांत बाहेर येतो. नव्या होडीची चकाकी ही साच्याच्या चकाकीची नक्कल असते. कारखान्यात तिला वेगळी झिलई द्यावी लागत नाही. जेलकोटची जाडी साधारण ०.४ ते ०.६ मिलिमीटर, म्हणजे दोन व्हिजिटिंग कार्डे एकावर एक ठेवल्याइतकी. होडीच्या उभ्या आयुष्यात घासायला मिळणार ते एवढेच.

जेलकोट दिसतो काचेसारखा, पण तो काच नव्हे. त्यात अतिसूक्ष्म छिद्रे असतात. सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी वरच्या पातळीवरच्या राळेच्या साखळ्या तुटतात, आणि राळेने धरून ठेवलेले रंगद्रव्य सुटे होऊन भुकटीसारखे वर येते. वरून मिठाचे कण, धूळ, डिझेलचा धूर आणि पक्ष्यांची विष्ठा बसते. अशा होडीवरून तळवा फिरवला की हाताला खडूसारखी पांढरी पूड लागते. काळा शर्ट घालून बाजूला टेकलेल्या माणसाच्या पाठीवर तर पट्टाच उमटतो. निळ्या आणि लाल होड्यांवर हे लवकर दिसते, कारण गडद रंगावर पांढुरकी साय उठून दिसते. पांढऱ्या होडीतही ऱ्हास चालूच असतो, फक्त डोळ्यांना तो उशिरा कळतो. म्हणूनच पांढऱ्या होडीकडे मालकांचे जास्त दुर्लक्ष होते.

काचतंतूंचे व्यापारी उत्पादन १९३०च्या दशकात अमेरिकेत सुरू झाले. ओहायो राज्यातल्या रे ग्रीन यांनी १९४२च्या सुमारास बांधलेली छोटी शिडाची होडी ही या द्रव्याच्या पहिल्या होड्यांपैकी एक मानली जाते. १९६०च्या दशकापर्यंत हौशी नौकानयनातून लाकूड मागे पडले. लाकडी होडीला दरवर्षी तेलपाणी लागते, फटी बुजवाव्या लागतात. फायबरला यातले काही लागत नाही. त्यातूनच फायबरला निगाच लागत नाही असा समज पसरला आणि तो अजून पुरता गेलेला नाही. फायबर कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही, हे खरे. ऊन मात्र त्यालाही लागते.

कामाची सुरुवात धुण्यापासून होते, आणि धुण्यात कंजुषी केली की पुढचे सगळे बिघडते. पृष्ठभागावर वाळूचा एक कण राहिला, तर तोच बफाखाली, म्हणजे घोटायच्या मशीनच्या मऊ चकतीखाली, फिरत राहून नागमोडी चरे पाडतो. गोड्या पाण्याने मीठ उतरवायचे, मग सौम्य साबण आणि मऊ ब्रश. भांडी घासायचा साबण जुने मेण काढून टाकतो. रोजच्या धुण्यात तो टाळावा, घोटायच्या आधी मात्र मुद्दाम वापरावा. पाण्याच्या रेषेशी जो पिवळट-तपकिरी पट्टा बसतो, तो घासण्यात वेळ घालवू नये. ऑक्झॅलिक आम्ल असलेल्या क्लीनरने तो निघतो. हातमोजे घालावेत आणि नंतर भरपूर पाणी मारावे.

त्यानंतर परीक्षा. मागच्या बाजूचा हातभर चौकोन आखून सर्वांत सौम्य पॉलिश हाताने घासून पाहायचे. चमक आली, तर जोरकस काही वापरायचे कारणच उरत नाही. नाही आली तर रबिंग कंपाउंड, म्हणजे अपघर्षक कणांची पेस्ट, आणि त्यानेही भागले नाही तरच वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात भिजवून वापरायचा काचकागद. ही चढती शिडी आहे. पुष्कळ कारागीर वेळ वाचवायला वरच्या पायरीवरून सुरुवात करतात. मालकाला त्या दिवशी निकाल उत्तम दिसतो आणि जेलकोटची किती वर्षे खर्ची पडली ते कुणाच्याच लक्षात येत नाही. मोटारीच्या रंगकामात तरबेज असलेल्या माणसालाही हे समजावून सांगावे लागते. त्याचा हात पातळ रंगावर बसलेला असतो. जेलकोट त्याहून जाड म्हटल्यावर तो बिनधास्त घासतो. पण खरवडलेली मोटार सहज पुन्हा रंगवता येते, जेलकोट पुन्हा चढवणे तेवढे सोपे नसते.

वॉटर पेपर लागलाच तर ८०० किंवा १००० क्रमांकापासून चढत्या क्रमाने १५०० आणि २००० पर्यंत जातात; क्रमांक जितका मोठा, तितका कागद बारीक. प्रत्येक वेळी आधीच्या कागदाचे ओरखडे पुरते जायला हवेत. पेपर पाण्यात भिजलेला हवा आणि खाली रबराचा ठोकळा हवा. नुसत्या बोटांनी घासले तर बोटांच्या जागी खळगे पडतात आणि ते चमक आल्यावरच दिसतात, तोवर उशीर झालेला असतो. ओल्या घासकामात पूडही हवेत उडत नाही. कोरडे घासायचे तर मास्क लागतोच.

कंपाउंडमध्ये बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात. काही कंपाउंडांतले कण घासता घासता फुटून अधिक बारीक होतात, म्हणून सुरुवातीला ते कापतात आणि शेवटी घोटतात. मशीनवर आधी लोकरी बफ, नंतर फोमचा. साधे रोटरी मशीन जलद कापते, पण एका जागी थांबले की पृष्ठभाग तापतो. कक्षेत डुलत फिरणारे ड्युअल-ॲक्शन मशीन हळू चालते आणि चुका पोटात घालते. नवशिक्याने तेच घ्यावे. दोन फूट बाय दोन फूट एवढाच भाग घ्यायचा, कंपाउंडचे चार-पाच ठिपके द्यायचे, मशीन सुरू करण्याआधी ते बफाने पसरून घ्यायचे, नाहीतर शिंतोडे कपाळापर्यंत उडतात. मग आडवे-उभे हात सावकाश फिरवायचे. निळ्या होडीवर काम करताना बफ निळा होतो. पाहणारा दचकतो, पण तो निघून चाललेला मेलेला थर असतो. घाबरायचे ते वेगळ्या गोष्टीला. कडा, कोपरे आणि उंचवटे यांवर सगळा दाब एका रेघेवर येतो. तिथे बफ क्षणभर रेंगाळला तरी जेलकोट पार होतो आणि खालच्या काचतंतूंची जाळी धुरकट डागासारखी डोकावते. हा डाग कोणत्याही पॉलिशने जात नाही; तिथे जेलकोटचे ठिगळच लावावे लागते. म्हणून कडांवर आधी मास्किंग टेप चिकटवतात आणि शेवटी तेवढा भाग हाताने घोटतात.

हे सारे सावलीत करायचे. अंगाला हात लावला तर पोळणार नाही इतपत थंड होडी हवी, नाहीतर कंपाउंड बफाखालीच वाळते. होडी पाण्यात असताना तारेचे मशीन चालवू नये, यात विजेच्या धक्क्याचा खराच धोका आहे.

मेणाचे काम शांतपणाचे. उत्तम मेण म्हणून कार्नौबाचे नाव घेतले जाते. ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या कोपर्निसिया प्रुनिफेरा या ताडवर्गीय झाडाच्या पानांवर हे मेण साचते. पाने कापून वाळवतात, झोडपून पूड काढतात आणि ती वितळवून गाळतात. ते ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते. मधमाश्यांचे मेण ६२-६४ अंशांनाच पातळ होते. उन्हात तापलेल्या होडीवर हा फरक मोलाचा ठरतो. शुद्ध कार्नौबा मात्र टणक आणि ठिसूळ असल्याने द्रावक आणि मऊ मेणे मिसळून त्याची पेस्ट करतात. पेस्ट पातळ लावायची, धूसर झाली की मऊ कापडाने पुसायची आणि मग दुसरा हात द्यायचा. जाड थराने टिकाऊपणा वाढत नाही, पुसण्याचे कष्ट तेवढे वाढतात. समशीतोष्ण देशांत हंगामाला एक-दोन वेळा मेण लावून भागते. उष्ण कटिबंधातल्या उन्हात दर तीन महिन्यांनी लावलेले बरे. पाणी पडल्यावर थेंब मोत्यासारखे गोळा होईनासे झाले आणि अंगभर पसरू लागले, की मेण संपत आले असे समजावे.

कुठे मेण लावू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. पाय ठेवायच्या जागी ते कधीच नको. ओल्या डेकवर मेण म्हणजे घसरून पडण्याची सोय. कायम पाण्यात राहणाऱ्या होडीचे बूड शेवाळ आणि शंखशिंपले रोखणाऱ्या अँटिफाउलिंग रंगाने रंगवलेले असते, तिथे मेणाचा हात फिरवला तर त्या रंगाचे कामच बंद पडते. दुरुस्ती करायची असेल त्या जागेचे मेण आधी द्रावकाने काढावे लागते, कारण मेणावर राळ धरत नाही आणि पॉलिशातल्या सिलिकोनचा अंश राहिला तर नव्या रंगात बारीक खड्डे पडतात. अ‍ॅक्रिलिकच्या (पारदर्शक प्लास्टिकच्या) खिडक्यांना ॲसिटोन हा द्रावक अजिबात लागू देऊ नये. त्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडतात.

मेणाला आता पर्याय झाले आहेत. कृत्रिम पॉलिमरचे सीलंट मेणापेक्षा जास्त टिकतात, सिलिका असलेले सिरॅमिक लेप त्याहूनही. पण खाली जे आहे तेच हे लेप बंदिस्त करतात. खडू उठलेल्या जेलकोटवर सिरॅमिक चढवले, तर खडूही त्यात जपला जातो. पारदर्शक ॲक्रिलिकचे द्रावण फडक्याने लावून घटकाभरात चमक आणण्याची पद्धतही आहे. अगदीच झिजलेल्या, घासायला काही उरले नाही अशा होडीसाठी ती ठीक. धडधाकट होडीवर तिचा मोह धरू नये, कारण तो पापुद्रा पुढे पिवळा पडून सोलवटतो आणि नव्याने लावण्याआधी सगळा काढावा लागतो.

कोकण किनाऱ्यावर या कामाचे वेळापत्रक पाऊस ठरवतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या आधी होड्या वर ओढून शाकारून ठेवतात, आणि नारळी पौर्णिमेपूर्वी डागडुजी, रंगरंगोटी होते. मुंबई बंदरातल्या शिडाच्या हौशी होड्याही पावसाळ्यात पाण्याबाहेर असतात. त्यांचा हंगाम ऑक्टोबर ते मे. मासेमारीच्या कामाच्या होडीला सहसा कुणी मेण लावत नाही. जाळी, दोर आणि बर्फाच्या पेट्या रोज अंगावरून घासत असतील, तर झिलईला तिथे अर्थ नाही. पर्यटकांना फिरवणाऱ्या स्पीडबोटींची गोष्ट वेगळी. त्या आठ महिने उन्हात उभ्या असतात, आणि त्यांच्या मालकांनी मेणाला पावसाळ्याच्या आधीचा मुहूर्त निवडावा. ऊन ओसरल्यावर स्वच्छ धुतलेल्या, कोरड्या होडीला दोन हात मेण द्यावे, मग ताडपत्री अंगाला न चिकटता वर ताणून बांधावी. प्लास्टिक थेट अंगावर टाकले की आत कोंडलेल्या ओलाव्याने बुरशीचे काळे ठिपके पडतात, आणि ऑक्टोबरात होडी उघडल्यावर पहिले काम ते ठिपके घासून काढण्याचे होऊन बसते.