स्थलांतर प्रकरणांतील मानसिक आरोग्य मूल्यमापन

परदेशात राहण्याचा कायदेशीर हक्क मागणाऱ्या अर्जासोबत किंवा न्यायालयातील दाव्यात पुरावा म्हणून दाखल करण्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ, चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ किंवा परवानाधारक समाजकार्यकर्ता यांनी तपासणीअंती दिलेल्या लेखी अहवालास हे नाव आहे. ही पद्धत मुख्यतः अमेरिकेत रूढ आहे. सातारा-सांगलीच्या कुटुंबांचा तिच्याशी संबंध येतो तो शिक्षण, नोकरी किंवा लग्नामुळे तिकडे गेलेल्या मुलामुलींच्या निमित्ताने. व्हिसापूर्वी दूतावासाने नेमलेले डॉक्टर करतात ती वैद्यकीय तपासणी निराळी. ती सरकारसाठी असते, हा अहवाल मात्र अर्जदार स्वतः, बहुधा वकिलाच्या सल्ल्याने, मिळवतो.

मराठी कुटुंबांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची प्रकरणे कौटुंबिक छळाची होत. अमेरिकेतील 1994 च्या महिला अत्याचारविरोधी कायद्यानुसार, छळ करणारा जोडीदार तेथील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असल्यास पीडित व्यक्तीला त्याच्या संमतीवाचून स्वतःचा अर्ज करता येतो, आणि कायद्यातील ‘अतीव क्रौर्य’ या संज्ञेत मानसिक छळही मोडतो. अंगावर वळ नसतात, पोलिसांत तक्रार नसते, अशा वेळी तज्ज्ञाचा अहवाल हाच मोठा आधार ठरतो. पती एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर आणि पत्नी एच-4 या त्याच्यावर अवलंबून असलेल्या जोडीदाराच्या व्हिसावर असेल तर हा मार्ग खुला नसतो; तिला 2000 साली गुन्ह्याच्या बळींसाठी निर्माण झालेल्या यू व्हिसाचा विचार करावा लागतो, ज्यासाठी गुन्ह्याच्या तपासात सहकार्य केल्याचे प्रमाणपत्र लागते आणि ज्याची मुख्य अर्जदारांसाठीची वार्षिक मर्यादा 10,000 आहे.

दुसरा प्रकार ‘अतीव हालअपेष्टा’ सिद्ध करण्याचा आहे. 180 दिवसांहून अधिक काळ बेकायदा राहून देश सोडणाऱ्यावर तीन वर्षांची, तर एक वर्ष किंवा अधिक काळ राहिलेल्यावर दहा वर्षांची प्रवेशबंदी येते. तिच्यातून सूट मागताना तपासणी होते ती बहुधा अर्जदाराची नव्हे, तर त्याच्या नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जोडीदाराची वा आईवडिलांची, कारण ताटातूट झाल्यास अथवा सोबत भारतात यावे लागल्यास त्यांचे काय होईल, हाच कायद्याचा प्रश्न असतो. मायदेशी छळाची भीती असल्याने आश्रय मागणाऱ्यांच्या दाव्यांत यातनांच्या खुणा नोंदवण्यासाठी इस्तंबूल प्रोटोकॉल या संयुक्त राष्ट्रांच्या मार्गदर्शिकेचा आधार घेतला जातो. त्याची सुधारित आवृत्ती 2022 मध्ये निघाली.

तज्ज्ञ एक किंवा अधिक बैठकांत सविस्तर मुलाखत घेतो, प्रश्नावल्या भरून घेतो, जुने उपचारांचे कागद पाहतो आणि सांगितलेली हकिगत लक्षणांशी कितपत जुळते ते लिहितो. अर्ज मंजूर व्हावा की नाही, हे ठरवणे त्याचे काम नाही.

खरी कसोटी भाषेची असते. आपल्याकडची बाई ‘मला नैराश्य आले आहे’ असे सहसा म्हणत नाही. ती ‘जीव घाबरतो’, ‘डोकं जड होतं’, ‘अन्न गोड लागत नाही’ असे सांगते, आणि यांतले प्रत्येक वाक्य निदानाच्या दृष्टीने मोलाचे असते. ‘सासुरवास’ हा शब्द दुभाष्याने केवळ सासरी राहणे असा पोहोचवला, तर वर्षानुवर्षांचा जाच एका सोज्वळ शब्दाआड लपतो. नवरा, दीर किंवा ओळखीतला कोणी दुभाष्या म्हणून बसवणे तर घातकच, कारण त्याच्यासमोर ती मनातले बोलणारच नाही.

गावाकडच्या माणसांचाही यात वाटा असतो. मुलीने रात्री-अपरात्री फोनवर काय सांगितले, हे आईवडील प्रतिज्ञापत्रात लिहून देऊ शकतात. मात्र मराठी कागदाला संपूर्ण इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचे प्रमाणपत्र जोडावे लागते. भारतात परतल्यास उपचार मिळतील का, हा मुद्दा आल्यावर स्थानिक स्थिती जशी आहे तशीच मांडावी. राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये पुणे, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत, सातारा-सांगलीत त्यांपैकी एकही नाही. पण मिरज आणि कऱ्हाड येथे वैद्यकीय महाविद्यालये आहेत, हेही लपवू नये, कारण अतिशयोक्ती उघड झाली की खऱ्या दुःखावरचाही विश्वास उडतो. पूर्वी येथे उपचार झाले असल्यास त्यांच्या नोंदी मागवाव्यात. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 च्या कलम 25 नुसार त्या मिळवण्याचा हक्क रुग्णाला आहे.