मानसोपचार घेणाऱ्या स्त्रियांमधील व्यसन

मानसिक आजारावर उपचार चालू असलेल्या स्त्रीला दारू, तंबाखू, झोपेच्या गोळ्या किंवा अन्य अमली पदार्थांचे व्यसन असणे. मानसिक आजार आणि व्यसन एकाच व्यक्तीत आढळल्यास त्याला दुहेरी निदान म्हणतात.

भारतात या प्रश्नाचा विचार दारूइतकाच तंबाखूपासूनही सुरू व्हायला हवा. २०१८ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारू पिणाऱ्या पुरुषांचे प्रमाण २७.३ टक्के, तर स्त्रियांचे १.६ टक्के आढळले. तंबाखूचे चित्र वेगळे आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतातील १४.२ टक्के स्त्रिया तंबाखू वापरतात आणि त्यांतील बहुतेकींचा तंबाखू धूरविरहित असतो. महाराष्ट्रात तो मशेरी, तपकीर किंवा पानातून घेतला जातो. दात घासण्यासाठी म्हणून लागलेली मशेरी अनेकींच्या लेखी व्यसन नसतेच. त्यामुळे ‘काही व्यसन आहे का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर येते, आणि ते खोटेही नसते. ‘मशेरी लावता का? दिवसातून किती वेळा?’ असेच विचारावे लागते. हे न विचारता रुग्णेला दाखल करून घेतले, तर तंबाखू अचानक सुटल्याने होणारी चिडचिड, बेचैनी आणि झोपमोड मूळ आजाराच्या खाती जमा होते आणि औषध विनाकारण वाढते.

विडी-सिगारेटचा परिणाम औषधांवरही होतो. धुरातील घटकांमुळे यकृतातील एक विकर (एन्झाइम) अधिक क्रियाशील होऊन क्लोझापिन व ओलान्झापिन ही गंभीर मानसिक आजारांवरची औषधे शरीरातून लवकर निघून जातात. वॉर्डात विडी बंद झाली की त्याच मात्रेत रक्तातील औषध वाढते. घरी जाऊन ती पुन्हा सुरू झाली की घटते. हा परिणाम धुराचा असतो, निकोटिनचा नव्हे.

झोपेच्या गोळ्यांचे व्यसन बहुधा चिठ्ठीवरच्या औषधातूनच लागते. बेन्झोडायझेपिन गटातील गोळ्या दारूबरोबर घेतल्यास श्वसन मंदावून जीव जाऊ शकतो. दीर्घकाळ घेतलेल्या या गोळ्या एकदम थांबवल्यास फिट येऊ शकते, म्हणून मात्रा हळूहळू कमी करतात. स्त्रीच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच दारूने रक्तातील अल्कोहोल अधिक चढते. पहिल्या घोटापासून व्यसनाधीनतेपर्यंतचा काळही अनेकींमध्ये पुरुषांपेक्षा कमी असतो. यांतील कित्येकींच्या पूर्वायुष्यात मारहाण किंवा लैंगिक अत्याचार असतो. त्याची चौकशी निदानाइतकीच महत्त्वाची आहे, आणि ती नवरा किंवा सासू समोर बसलेली असताना होऊ शकत नाही.

व्यसन आणि आजार यांवर एकत्र उपचार करणे हितावह ठरते. ‘आधी दारू सोड, मग नैराश्याचे बघू’ ही पद्धत चुकीची आहे. स्त्रियांसाठी स्वतंत्र सोयी मात्र थोड्या आहेत. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने (स्थापना १९८६) ‘निशिगंध’ हा स्त्रियांचा स्वतंत्र विभाग सुरू केला. मुलांना कोण सांभाळणार, या विवंचनेने अनेकजणी दाखल होणे टाळतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारू व अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्थांचाही समावेश आहे. या कायद्यानुसार उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालील मुलाला सामान्यतः वेगळे करता येत नाही.