मृत्युनोंदीतून ओळख पटलेली लेखिका

नायजेरियाचे नाटककार वोले सोयिंका १९७३ साली केंब्रिजला आले, तेव्हा आफ्रिकी साहित्यावरची त्यांची व्याख्याने इंग्रजी विभागात झालीच नाहीत. ती गेली मानववंशशास्त्राकडे. आफ्रिकेत लिहिले जाते ते साहित्य म्हणून शिकवावे, हे त्या विभागाच्या पचनी पडत नव्हते. (दलित आत्मकथनांना ‘सामाजिक दस्तऐवज’ म्हणून बाजूला सारलेले ज्यांनी पाहिले, त्यांना हा सूर ओळखीचा वाटेल.) सोयिंकांना नोबेल मिळाले ते १९८६ मध्ये.

पुढे कृष्णवर्णीय साहित्याचे समीक्षक झालेले अमेरिकेचे हेन्री लुई गेट्स तेव्हा तिथेच शिकत होते. वेस्ट व्हर्जिनियात वाढलेले, येलमधून इतिहासाची पदवी घेतलेले. सोयिंकांमुळे ते साहित्याकडे वळले आणि १९७९ मध्ये केंब्रिजचे डॉक्टर झाले.

पुढच्या कामात सिद्धांत आहे तसा दप्तरखान्यातला शोधही आहे. ‘अवर निग’ ही १८५९ ची कादंबरी कुणा गोऱ्या माणसाने लिहिली असावी, असा समज होता. प्रस्तावनेत लेखिका म्हणते की, स्वतःच्या आणि मुलाच्या पोटासाठी हे पुस्तक काढते आहे. पुस्तक निघाल्यावर जेमतेम पाच-सहा महिन्यांत तो मुलगा, जॉर्ज, वारला. गेट्स यांना त्याच्या मृत्यूची नोंद सापडली. तीत मुलाचा वर्ण ‘काळा’ असा लिहिलेला होता. ज्याला जगवण्यासाठी पुस्तक लिहिले, त्याच्या मरणाच्या कागदाने आईची, हॅरिएट विल्सनची, ओळख पटवली: ती कृष्णवर्णीय होती. कादंबरी १९८३ मध्ये पुन्हा छापली गेली.

सिद्धांताचे पुस्तक, ‘द सिग्निफाइंग मंकी’, १९८८ चे. पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांचा खोडकर देव एशू आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लोककथांतले चलाख माकड यांचे नाते त्यात जुळवले आहे. काळ्या लेखनाची समीक्षा त्याच्याच बोलीतून, थट्टेतून, शब्दांच्या उलटसुलट खेळातून उभी राहू शकते, असे गेट्स यांचे म्हणणे. वाचायला जड, पण हट्ट बरोबर. १९९१ पासून ते हार्वर्डला आहेत.

२००१ मध्ये त्यांनी लिलावात एका कादंबरीचे हस्तलिखित विकत घेतले. लेखिकेचे नाव हॅना क्राफ्ट्स. ती नॉर्थ कॅरोलिनातली पळालेली गुलाम हॅना बाँड, हे संशोधक ग्रेग हेसिमोविच यांनी २०१३ मध्ये मांडले. डिकन्सच्या ‘ब्लीक हाऊस’मधली वर्णने तिने उचलली होती आणि आपल्या कथेला बेताने बसवली होती.