वेगवान रॅमची अस्थिरता व तिचे दोषनिदान

डेस्कटॉप संगणकाच्या मदरबोर्डवर बसवलेली रॅम तिच्या वेष्टनावर छापलेल्या वेगाने चालवली असता संगणक मधूनच गोठणे, निळा पडदा येऊन पुन्हा सुरू होणे, फाइली बिघडणे किंवा संगणक मुळीच चालू न होणे, अशा रूपांनी प्रकट होणारा दोष. असे घडले की रॅमचे मॉड्यूलच (चिप बसवलेली पट्टी) खराब निघाले असा निष्कर्ष चटकन काढला जातो. परंतु मॉड्यूल, स्लॉट, मदरबोर्डवरील तांब्याच्या रेषा, प्रोसेसरमधील, रॅमशी देवाणघेवाण सांभाळणारा मेमरी कंट्रोलर आणि बायोस हा मदरबोर्डवरील प्राथमिक प्रोग्रॅम यांची मिळून एक साखळी असते, आणि तिची कोणतीही कडी त्या वेगाला अपुरी पडली तरी लक्षणे तीच दिसतात. कोणत्या कडीपाशी आणि कोणत्या वेगाला साखळी तुटते, हे शोधणे म्हणजे दोषनिदान.

वेग वाढला की ही साखळी इतकी नाजूक का होते, हे साध्या हिशोबाने कळते. डीडीआर५ ही डीडीआर४नंतरची रॅमची पिढी. डीडीआर५-६००० या नावातील ६००० हा आकडा सांगतो की प्रत्येक डेटा रेषेवरून सेकंदाला ६०० कोटी बिट जातात. म्हणजे एका बिटाच्या वाट्याला सुमारे १६७ पिकोसेकंद (सेकंदाचे लाख-कोटीवे भाग) येतात. तेवढ्या वेळात विद्युत संकेत मदरबोर्डवरून जेमतेम अडीच सेंटिमीटर पुढे सरकतो. साहजिकच एक बिट स्लॉटपर्यंत पोहोचण्याआधीच त्याच्या मागून दुसरा निघालेला असतो. या रेषांच्या टोकाला योग्य रोध नसेल किंवा वाटेत एखादा फाटा मोकळा राहिला असेल, तर संकेताचे प्रतिध्वनी उलट फिरून पुढच्या बिटात मिसळतात आणि शून्य व एक यांतील फरक पुसट होतो. संगणक सुरू होताना मेमरी कंट्रोलर प्रत्येक रेषेसाठी संकेत वाचण्याचा नेमका क्षण शोधून ठेवतो. या क्रियेला मेमरी ट्रेनिंग म्हणतात, आणि डीडीआर५च्या बाबतीत नवी रॅम बसवल्यावर पहिल्यांदा तिला काही मिनिटे लागू शकतात. पडदा काळा राहिला म्हणून घाईने वीज बंद करणारे अनेक जण प्रत्यक्षात चांगल्या रॅमलाच सदोष ठरवतात.

रॅमची मानके जेडेक ही संस्था ठरवते. डीडीआर४चे मानक २०१२ मध्ये १.२ व्होल्टसाठी, तर डीडीआर५चे २०२० मध्ये १.१ व्होल्टसाठी प्रसिद्ध झाले. मॉड्यूलवरील एका छोट्या चिपमध्ये ही मानक मूल्ये नोंदलेली असतात आणि काहीही न बदलता संगणक सुरू केला की मदरबोर्ड तीच वापरतो. त्याहून वरचा वेग मिळतो तो त्याच चिपमध्ये उत्पादकाने लिहून ठेवलेल्या प्रोफाइलमुळे. इंटेलने २००७ मध्ये आणलेले एक्सएमपी आणि एएमडीने २०२२ मध्ये आणलेले एक्सपो ही अशी दोन प्रोफाइले होत. बायोसमध्ये एका निवडीने ती चालू होत असल्यामुळे हा वेग जणू रॅमचा स्वाभाविक वेग आहे असे वाटते. वस्तुतः तो मानकापलीकडचा वेग असतो. त्याची चाचणी मॉड्यूल बनवणाऱ्याने केलेली असली, तरी वापरणाऱ्याच्या प्रोसेसरमधील कंट्रोलर तो पेलेल की नाही, हे त्या उत्पादकाच्या हातात नसते. रायझेन ७००० मालिकेच्या प्रोसेसरसाठी एएमडीने दोन मॉड्यूलांना ५२०० हा वेग जाहीर केला, तर चार मॉड्यूलांना केवळ ३६००. नंतर आणखी एक जोडी घालून चारही स्लॉट भरल्यावर चांगला चालणारा संगणक अडखळू लागतो, त्याचे कारण या दोन आकड्यांतच आहे.

निदानाची पहिली पायरी म्हणजे प्रोफाइल बंद करून मानक वेगावर चाचणी घेणे. तेथेही चुका आढळल्या, तर दोष बसवणुकीत किंवा एखाद्या भागात आहे. तेथे सर्व काही ठीक असेल, तर भाग शाबूत असून प्रश्न वेगाच्या मर्यादेचा आहे. ही एक विभागणी केली नाही, तर पुढचे सर्व प्रयत्न अंदाजावर चालतात.

चाचणीसाठी मेमटेस्ट८६+ सारखी, पेन ड्राइव्हवरून थेट सुरू होणारी साधने आधी वापरावीत, कारण ती ऑपरेटिंग सिस्टीम चालू न करताच काम करतात आणि बिघडलेल्या रॅममधून डिस्कवर चुकीचा मजकूर लिहिला जाण्याचा धोका राहत नाही. त्यात उत्तीर्ण झाल्यावर टीएम५, वाय-क्रंचर किंवा प्राइम९५ यांसारखे कंट्रोलरवरही भार टाकणारे प्रोग्रॅम चालवावेत. मेमटेस्टमध्ये रात्रभर टिकलेली रॅम यांत काही मिनिटांत चूक दाखवू शकते. काही तासांच्या चाचणीत एकच चूक आली तरी ती दुर्लक्ष करण्याजोगी मानू नये. चुकांचे पत्तेही, म्हणजे रॅममधील त्यांच्या जागा, बोलके असतात. दर वेळी तोच पत्ता दिसत असेल, तर बहुधा एखादी मेमरी पेशीच निकामी असते. पत्ते विखुरलेले आणि दर खेपेला वेगळे असतील, तर संशय संकेत, व्होल्टेज किंवा उष्णता यांच्याकडे वळतो. यानंतर एकेक मॉड्यूल एकाच स्लॉटमध्ये तपासावे, मग चांगले ठरलेले मॉड्यूल प्रत्येक स्लॉटमध्ये. दोष मॉड्यूलबरोबर फिरतो की स्लॉटला चिकटून राहतो, हे तेव्हा स्पष्ट होते.

बसवणुकीतील चुका वाटतात त्यापेक्षा बऱ्याच अधिक असतात. दोन मॉड्यूले असतील, तर चार स्लॉटांच्या बहुतेक मदरबोर्डांवर ती प्रोसेसरपासून दुसऱ्या व चौथ्या स्लॉटमध्ये बसवायची असतात. रेषा जवळच्या स्लॉटवरून पुढे दूरच्या स्लॉटपर्यंत जात असल्यामुळे जवळचा स्लॉट भरून दूरचा रिकामा ठेवला, तर उरलेला तुकडा मोकळ्या फाट्यासारखा प्रतिध्वनी निर्माण करतो. मॉड्यूल पूर्ण आत न जाणे आणि संपर्कपट्टीवर धूळ असणे या गोष्टी तर आहेतच. शिवाय प्रोसेसरच्या सॉकेटमधील एखादी वाकलेली पिन किंवा कूलरचे स्क्रू असमान आवळल्याने पडलेला तिरका दाब यांमुळेही एक संपूर्ण मेमरी चॅनेल (प्रोसेसर व रॅम यांमधील स्वतंत्र मार्ग) नाहीसे होते. हे ध्यानात न आल्याने निर्दोष रॅम बदलण्यात पैसे वाया जातात.

मर्यादा वेगाचीच असल्याचे ठरले, तर वेग एक पायरी खाली आणणे हा सर्वांत खात्रीचा उपाय होय आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. कॅस विलंबता म्हणजे मागणीनंतर डेटा मिळू लागेपर्यंतचा उशीर, आणि एका चक्रात प्रत्येक रेषेवरून दोन बिट जातात. त्यामुळे ६००० वेगावर ३० चक्रांची कॅस विलंबता म्हणजे १० नॅनोसेकंद. तीच ३० चक्रे ५६०० वेगावर १०.७ नॅनोसेकंद होतात. दैनंदिन वापरात हा फरक सहसा जाणवत नाही, मात्र चिपना मिळणारी सवड महत्त्वाची ठरते. व्होल्टेज वाढवणे हा दुसरा मार्ग आहे, पण तो जपून वापरावा लागतो. मॉड्यूलचे व्होल्टेज वेगळे आणि प्रोसेसरमधील कंट्रोलरला पुरवले जाणारे वेगळे. दुसऱ्याचे अतिरेकी मूल्य स्थिरता वाढवण्याऐवजी घटवूही शकते. प्रोफाइल चालू केल्यावर काही मदरबोर्ड हे मूल्य आपणहून वाढवतात. २०२३ मध्ये काही रायझेन ७००० प्रोसेसर जळाल्यानंतर बायोस अद्यतनांद्वारे एसओसी व्होल्टेजवर, म्हणजे कंट्रोलरच्या याच पुरवठ्यावर, १.३ व्होल्टची कमाल मर्यादा घालण्यात आली, हे या संदर्भात लक्षात ठेवावे.

सर्वांत फसवे कारण उष्णतेचे. डीरॅमची, म्हणजे रॅमच्या चिपमधील मेमरीची, पेशी म्हणजे एक अतिसूक्ष्म धारित्र. त्यातील विद्युतभार सतत गळत असतो, म्हणून तो ठराविक काळाने पुन्हा भरावा लागतो. डीडीआर४मध्ये प्रत्येक ओळ ६४ मिलिसेकंदांत एकदा ताजी केली जाते आणि तापमान ८५ अंश सेल्सिअसच्या वर गेले की हे काम दुप्पट वेगाने करण्याची तरतूद मानकात आहे. कामगिरी वाढवण्यासाठी काही जण दोन पुनर्भरणांमधील अंतर हाताने वाढवतात. थंड रॅमला ते चालते, गरम रॅमला चालत नाही. डीडीआर५मध्ये वीज नियंत्रित करणारी चिप मॉड्यूलवरच आल्याने तिच्या उष्णतेची भर पडते. म्हणून रात्रभराची चाचणी निर्विघ्न पार पडते आणि दुसऱ्या दिवशी ग्राफिक्स कार्डची गरम हवा रॅमवर आदळू लागली की अर्ध्या तासात खेळ बंद पडतो. अशा वेळी चाचणी ग्राफिक्स कार्डवर भार ठेवूनच घ्यावी आणि मॉड्यूलांवरून हवा खेळती करून तीच चाचणी पुन्हा घ्यावी. चुका थांबल्या, तर कारण सापडले.

डीडीआर५ चिपच्या आत दर १२८ बिटांमागे एक चुकलेला बिट सुधारण्याची सोय असते. तिच्यामुळे संगणकाला पूर्ण ईसीसी (चुका ओळखून सुधारणारे) संरक्षण मिळते, हा समज चुकीचा आहे. चिपमधून निघून प्रोसेसरपर्यंत जाताना होणाऱ्या चुका तिच्या कक्षेबाहेर राहतात, आणि वेगामुळे होणाऱ्या चुका पुष्कळदा त्याच वाटेवर होतात.

बायोसची नवी आवृत्ती अनेकदा मेमरी ट्रेनिंग सुधारते, त्यामुळे अद्यतन करून पाहणे योग्यच. फक्त ते प्रोफाइल बंद करून मानक वेगावर करावे. वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या दोन जोड्या, नाव व आकडे तेच असले तरी, आतील चिपच्या दृष्टीने भिन्न असू शकतात. अधिक क्षमता हवी असल्यास एकत्र तपासलेला संच घेणे बरे. दोष मिटेपर्यंत संगणक मानक वेगावरच वापरावा, कारण अस्थिर रॅममधून गेलेली फाइल कोणतीही सूचना न देता बिघडते. दुरुस्तीनंतर विंडोजमध्ये एसएफसी आज्ञेने प्रणालीच्या फाइली तपासाव्यात आणि दोषाच्या काळात घेतलेल्या बॅकअप प्रती त्याआधीच्या प्रतींशी ताडून पाहिल्याशिवाय जुन्या प्रती पुसू नयेत.