मधोमध घासलेला टायर आणि हवेचं खापर

"बाइकचा मागचा टायर मधोमध सपाट झालाय, हवा जास्त भरता तुम्ही!" नाशिकच्या द्वारका सर्कलच्या पंक्चरवाल्यापासून शेजारच्या काकांपर्यंत सगळ्यांचं निदान हेच. हा हिशोब चारचाकीचा. बाइकचा टायर गोलसर. गाडी सरळ असताना मधली पट्टीच रस्त्याला टेकते. नाशिक-मुंबई हायवेवर रोज सरळ पळाल तर तीच झिजणार, त्यात इंजिनाचा जोर मागच्याच चाकावर. जादा हवेने भर पडते, हे खरं. पण त्या धास्तीने हवा उतरवलीत तर टायर तापतो, वळणावर गाडी डुलते.

नवा घेताना रुंद टायरची हौस नको (दिसतो झकास, मान्य). अरुंद रिमवर तो चिमटला जाऊन आकारच बिघडतो. कंपनीच्या मापाचा घ्या, टायर कधी बनला ते सांगणारे कडेवरचे चार आकडे वाचा: 2324 म्हणजे 2024चा 23वा आठवडा.