डी दाबल्यावर फाइल जाते कुठे?

टर्मिनल म्हणजे नुसत्या मजकुराची, आज्ञा टाइप करायची खिडकी. तिच्यातल्या फाइल मॅनेजरांची ढोबळमानाने दोन घराणी आहेत. पहिले १९८६ मध्ये डॉसवर आलेल्या नॉर्टन कमांडरचे: निळा पडदा, शेजारीशेजारी दोन चौकटी, टॅबने इकडून तिकडे. एफ५ने कॉपी, एफ६ने हलवणे, एफ७ने नवे फोल्डर, एफ८ने डिलीट. मिडनाइट कमांडरने १९९४ मध्ये हीच मांडणी युनिक्सवर आणली आणि ती आजही वापरात आहे.

या घराण्याने एफच्या कीज निवडल्या, कारण पडद्याच्या तळाशी कमांड लाइन, म्हणजे आज्ञा टाइप करायची ओळ, कायम उघडी असते. अक्षर दाबले की ते तिथे उमटते. मग अक्षरांना दुसरे काम देणार कसे? डॉसवर हे ठीक चालले. युनिक्सवर मात्र एफ५ दाबल्यावर टर्मिनल नेमके काय पाठवेल याची खात्री नव्हती, म्हणून मिडनाइट कमांडरमध्ये एस्केप आणि मागोमाग ५ असेही चालते. त्यातून नवा गुंता झाला. बाणांच्या कीजसुद्धा एस्केपच्याच बाइटने सुरू होणारी मालिका पाठवतात. त्यामुळे एकटा एस्केप आला की प्रोग्रामला पुढे काही येते का ते पाहत थांबावे लागते. टर्मिनलचा पडदा हाताळणाऱ्या एनकर्सेस लायब्ररीत हे थांबणे मुळात १००० मिलिसेकंदांचे आहे. मिडनाइट कमांडरमध्ये डायलॉग बंद करायला एस्केप दोनदा दाबण्याची सवय यातूनच आली. त्यात काही टर्मिनलच्या खिडक्या एफ१० स्वतःच्या मेनूसाठी अडवतात आणि प्रोग्राममधून बाहेर पडणेच अडते.

दुसरे घराणे व्हीआयचे. १९७६च्या सुमारास हा एडिटर ज्या टर्मिनलवर घडला, त्याच्या एच, जे, के, एल या कीजवरच बाण छापलेले होते. इथे कमांड लाइन कोलन दाबल्यावरच उघडते, त्यामुळे सगळी अक्षरे आज्ञांसाठी मोकळी. व्हीआयएफएम या फाइल मॅनेजरने २००१च्या आसपास हे व्याकरण फाइलींना लावले. २००९ मध्ये पायथनमध्ये लिहिलेल्या रेंजरने त्याला तीन स्तंभांची जोड दिली: डावीकडे वरचे फोल्डर, मध्ये चालू फोल्डर, उजवीकडे निवडलेल्या गोष्टीची झलक. स्तंभांची कल्पना १९८०ची, नेक्स्टस्टेप या ऑपरेटिंग सिस्टिममुळे डोळ्यांना सरावलेली. आज लोक टर्मिनलमधला फाइल मॅनेजर म्हणतात तेव्हा बहुतेकदा हेच रूप डोळ्यांसमोर असते.

एच-जे-के-एलवर कोणाचे दुमत नाही. भांडण आहे ते डीवर.

व्हीआयमध्ये डीडी केले की ओळ पडद्यावरून जाते, पण बफरमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या तात्पुरत्या स्मृतीत, राहते. पी दाबा, ती दुसरीकडे उतरते. यू दाबा, जागेवर परत येते. म्हणजे डिलीट आणि कट ही एकच क्रिया. फाइलीचे तसे नाही. चाळीस जीबीची फाइल बफरमध्ये मावत नाही. ती डिस्कवर कुठेतरी असावीच लागते. ती कुठे, यावर प्रत्येकाने वेगळा निर्णय घेतला.

व्हीआयएफएमने व्याकरण शब्दशः पाळले. डीडी केले की फाइल खरोखर हलते, त्याच्या ट्रॅश फोल्डरात जाते. दुसऱ्या जागी पी दाबले की ट्रॅशमधून तिथे येते, आणि यूने डिलीट मागे घेता येते. पण यात एक मेख आहे. फाइलीचे नाव बदलून तिला क्षणात हलवण्याची सोय एकाच फाइल सिस्टिमच्या आत चालते. दुसऱ्या डिस्कवर जायचे तर सगळे बाइट कॉपी करून मूळ पुसावे लागते. ट्रॅश होम फोल्डरात आणि फाइल बाहेरच्या डिस्कवर असेल, तर नुसत्या डीडीला कित्येक मिनिटे लागतील. म्हणून त्याच्या ट्रॅशच्या सेटिंगमध्ये त्या-त्या डिस्कच्या मुळाशी वेगळे ट्रॅश फोल्डर ठेवायची सोय आहे. डिस्क भरली म्हणून डीडी करणाऱ्यांची इथेच फसगत होते: ट्रॅश रिकामा करेपर्यंत एक बाइटही मोकळा होत नाही. कायमचे पुसायला डीडी मोठ्या अक्षरांत आहे, आणि त्याला यूचा उतारा नाही.

रेंजरने उलट वाट धरली. डीडी म्हणजे फक्त खूण. फाइल फिकी दिसते, जागची हलत नाही. पीपी केल्यावरच हलते. मधेच प्रोग्राम बंद झाला तरी काही बिघडत नाही. खूण काढायला यूडी. आणखी फाइली जोडायच्या तर डीए, कारण पुन्हा डीडी केले की आधीची यादी जाते आणि नवीच उरते. खरोखर पुसायला लहान डी, मागोमाग मोठा डी. त्यानेही कोलनच्या ओळीत आज्ञा नुसती लिहिली जाते, एंटर आपल्याला मारावा लागतो. शुद्धतावाद्यांना हे व्हीआयशी बेइमानी वाटते. पण चुकून दाबलेल्या कीची शिक्षा शून्य असणे हा फाइलींच्या बाबतीत जास्त शहाणा निर्णय आहे, मग व्याकरण थोडे वाकले तरी चालेल.

गो भाषेत लिहिलेला एलएफ २०१६चा. त्यातही डी म्हणजे कट, पण यादी डिस्कवर एका फाइलीत लिहिली जाते आणि सगळ्या उघड्या खिडक्यांत सामाईक असते. एका टर्मिनलमध्ये डी, दुसऱ्यात पी, असे सरळ चालते. यातच धोकाही आहे: विसरलेली खूण तशीच राहते आणि नंतर भलत्या फोल्डरात पी दाबले की जुन्या फाइली तिथे येऊन पडतात. सीने यादी पुसायची सवय लावून घ्यावी. एनएनएनने वादच टाळला. स्पेसने फाइली निवडायच्या आणि मुक्कामी पोहोचल्यावर ठरवायचे: पी कॉपी, व्ही हलवणे. तिथे डी फक्त तपशील दाखवतो-लपवतो. २०२३ मध्ये आलेल्या, रस्ट भाषेतल्या याझीने कटसाठी एक्स घेतले, लहान डी डेस्कटॉपच्या ट्रॅशला दिला आणि मोठा डी कायमचे पुसायला. म्हणजे रेंजरवर हात बसलेला माणूस याझीत हलवायच्या इराद्याने डी दाबतो आणि समोर ट्रॅशची विचारणा येते. ती न वाचता होकार दिला, तर फाइल शोधायला ट्रॅश उघडावा लागतो.

त्याच नावाची फाइल आधीच असेल तेव्हाही एकवाक्यता नाही. एलएफ नावाच्या शेवटी टिल्ड आणि आकडा लावतो, याझी अंडरस्कोर आणि आकडा. रेंजरची साधी पेस्ट नावाच्या अगदी शेवटी, एक्स्टेन्शनच्याही पुढे, अंडरस्कोर जोडते, आणि मग चित्राची फाइल चित्र म्हणून ओळखली जात नाही.

प्रोग्राम बंद केल्यावर शेल, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम, जुन्याच फोल्डरात का, हा नेहमीचा प्रश्न याहून जुना आहे. चालू फोल्डर प्रत्येक प्रोसेसचे, म्हणजे चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामचे, स्वतःचे असते. एका प्रोसेसने सुरू केलेल्या दुसरीने, म्हणजे मुलाने, ते बदलले तर पालकाचे बदलत नाही. युनिक्सच्या अगदी सुरुवातीला फोर्कची, म्हणजे एका प्रोसेसमधून दुसरी सुरू करण्याची, सोय आली तेव्हा फोल्डर बदलण्याची आज्ञाच निकामी झाली होती, आणि म्हणून ती शेलच्या आत घ्यावी लागली. फाइल मॅनेजरही त्याच भिंतीला धडकतात. तोड सगळ्यांची सारखीच: बाहेर पडताना शेवटचा पत्ता एका तात्पुरत्या फाइलीत लिहायचा आणि शेलमधल्या छोट्या फंक्शनने तो वाचून सीडी, म्हणजे फोल्डर बदलण्याची आज्ञा, द्यायची. रेंजर, एलएफ, याझी तिघांतही त्यासाठी पर्याय आहे. याझीत मोठ्या क्यूने बाहेर पडले तर पत्ता लिहिलाच जात नाही. फंक्शन स्वतः लिहिणार असाल, तर पत्त्याभोवती दुहेरी अवतरण द्या, नाहीतर नावात स्पेस असलेले फोल्डर गंडेल. सीडीपुढे दोन डॅशही हवेत. डॅशने सुरू होणारे नाव त्याशिवाय पर्याय समजले जाते.