कृष्णपुरा पुलावरची पुसट माणसं

इंदूरच्या कृष्णपुरा पुलाचा जुना फोटो कुणाला दाखवला की हमखास विचारतात, पूल इतका ओस कसा? राजवाडा इतका जवळ, बाजारपेठ लागूनच, आणि पुलावर चिटपाखरू नाही!

पूल ओस नव्हता. फोटोची काच मंद होती, प्रकाश हळूहळू टिपणारी. त्या काळी काचेवर रसायन लावून ती ओली असतानाच फोटो घ्यावा लागे आणि कॅमेऱ्याचं भिंग काही सेकंद तरी उघडं ठेवावं लागे. तेवढ्या वेळात चालता माणूस काचेवर नीट उमटतच नसे. भिंग घेऊन कठड्याची कड बघा. धुरकट पट्टा दिसेल, ती येणारी-जाणारी माणसं. गोल धुकं म्हणजे फिरतं चाक. एखादा बैल थबकला असेल तर त्याची शिंगं अगदी रेखीव येतात आणि शेपटी गायब असते! मला या फोटोंत सगळ्यात जिवंत वाटते ती ही गायब शेपटी.

वर्दळ असणारच होती. 1818च्या मंदसौरच्या तहानंतर इंदूर होळकरांची राजधानी झालं. राजवाडा कान्ह नदीच्या एका अंगाला, इंग्रजांची रेसिडेन्सी, म्हणजे त्यांच्या प्रतिनिधीचं ठाणं, पूर्वेला. पुढे दुसऱ्या तुकोजीरावांनी रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले आणि 1870च्या दशकात गाडी आली. स्टेशनही पूर्वेलाच. तिकडून राजवाड्याकडे यायचं तर नदी ओलांडणं आलंच.

फोटोग्राफीही इंदुरात लवकर रुजली. लाला दीनदयाळ 1866 मध्ये इथल्या बांधकाम खात्यात नोकरीला आले आणि 1874 च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला. राजा ही पदवी त्यांना पुढे हैदराबादेत मिळाली, सुरुवात मात्र आपल्या गावातली.

फोटोचा काळ ठरवायला पुलाशेजारच्या छत्र्या, म्हणजे होळकरांची स्मारकं, कामी येतात. कृष्णाबाई होळकरांची छत्री आधीची. तुकोजीराव 1886 मध्ये गेले, त्यांचा मुलगा शिवाजीराव 1908 मध्ये. तुकोजीरावांची छत्री फोटोत दिसली तर फोटो नक्कीच 1886 नंतरचा, दोघांच्या जोडछत्र्या दिसल्या तर 1908 नंतरचा.

एका बाबतीत मात्र सांभाळा. वाहतं पाणीसुद्धा काचेवर दुधासारखं गुळगुळीत उतरतं, म्हणून लोक हळहळतात, “काय निर्मळ नदी होती!” फोटोवरून तसं म्हणता येत नाही. प्लेगने हैराण झालेल्या इंदुरासाठी नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी केलेला अहवाल 1918 मध्ये दोन खंडांत निघाला, त्यात सांडपाणी आणि नदीकाठ हे मोठे विषय आहेत. खर्चिक गटारयोजनेपेक्षा काठ साफ करावेत, सांडपाण्यावर बागा फुलवाव्यात, असं त्यांचं मत होतं. म्हणजे नदीची काळजी तेव्हाही होतीच.

तुमच्या माळ्यावर असा फोटो असेल तर तो आधी उलटा करून बघा. मागे मोडीत दोन ओळी असतील तर त्या पुसू नका, वाचता येणारं कुणीतरी शोधा.